लेंगमाटच्या पाटीवरची वेळ

थेओडुल इमहोफला राग यायला कारण लागत नसे, उन्हाळा लागला की पुरे. जूनच्या मध्याला वरचं बर्फ वितळलं, गाई कुरणांवर चढल्या आणि रोपवेचे पाळणे माणसं भरभरून वर जायला लागले, की हा गृहस्थ सकाळी कुदळ, तारेचा ब्रश आणि तांबड्या-पांढऱ्या रंगाचे दोन डबे घेऊन घराबाहेर पडे तोच मुळी दातओठ खात. एगमाटन गावच्या हद्दीतल्या अकरा डोंगरवाटा त्याच्या ताब्यात होत्या. ढासळलेले दगड पुन्हा रचायचे, पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून तिरकी लाकडं पुरायची, खडकांवरच्या खुणा नव्याने रंगवायच्या, पिवळ्या पाट्या खांबांना घट्ट आहेत की नाहीत ते बघायचं. चौतीस वर्षं तो हे काम करत होता आणि त्या वाटांवरून चालणाऱ्या लोकांवर चौतीस वर्षं चिडत होता.

चिडायला लोक कमी नव्हते. कुणी गुरांचं फाटक सताड उघडं टाकून जाई. कुणी मार्मोटच्या, म्हणजे डोंगरातल्या जाड्या खारीच्या, बिळापाशी फतकल मारून तिला खारे शेंगदाणे भरवी. एकदा एक जोडपं बाळाची ढकलगाडी घेऊन दगडांच्या उतारावर आलं आणि त्याला विचारायला लागलं, की पुढे वाट रुंद होते का. "पुढे ती अरुंद होते, आणि मग संपतेच," थेओडुल म्हणाला आणि कुदळ खांद्यावर टाकून चालता झाला. ते खोटं होतं. वाट पुढे चांगली रुंद होत होती, पण ढकलगाडी बघून त्याचं डोकं फिरलं होतं.

पण सगळ्यांत जास्त राग त्याला यायचा तो उशीर करणाऱ्यांचा. लेंगमाटच्या बस थांब्यापासून होहबाल्मच्या माथ्यापर्यंत एक सुंदर वाट चढते, आणि माथ्यावरून खाली गावात रोपवे येतो. शेवटचा पाळणा पावणेपाचला सुटतो. लेंगमाटच्या पाटीवर स्वच्छ लिहिलेलं आहे: होहबाल्म, एक तास वीस मिनिटं. माणसं पाटी बघतात, घड्याळ बघतात, मान डोलावतात आणि निघतात. आणि मग पावणेपाचनंतर दहा, वीस, तीस मिनिटांनी लाल तोंडं घेऊन माथ्यावर पोचतात, तोवर रोपवे बंद झालेला असतो. मग रडारड, फोनाफोनी, भांडणं, आणि शेवटी अंगात त्राण नसताना दोन तासांची उतरण.

"फोटो काढत बसतात," थेओडुल बुधवारी संध्याकाळी गुत्त्यात बसून म्हणायचा. "दर दहा पावलांवर फोटो. डोंगर काय पळून चाललाय? पाय नुसते शोभेला लावलेत."

गुत्त्यातली माणसं हसायची. त्यांना ती वाट लहानपणापासून पायाखालची. आमच्याकडे लोक बाहेरच्यांना हसण्यात पटाईत आहेत. आमच्या खोऱ्याबाहेरचा, मग तो झ्युरिकचा असो नाहीतर बाझेलचा, तो आमच्या लेखी 'बाहेरचा स्विस'. त्याच्या पैशावर गाव जगतं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर हसायचं ते त्याच्या पाठीमागे.

अशा बाहेरच्यांपैकी एक तर गावातच येऊन बसली होती. ब्रुलमान बाई. थुरगाउच्या सपाट, सफरचंदांच्या मुलखातली. तीन वर्षांपूर्वी पर्यटन कार्यालयाची प्रमुख होऊन आली आणि आल्या आल्या तिने लेंगमाटच्या कुरणात बदामाच्या आकाराचं बाक आणि हिमनदीच्या समोर एक थोराड झोपाळा लावून घेतला. झोपाळ्याच्या खांबांचे खड्डे थेओडुलनेच खणले, आणि खणताना जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्याकडे दोन हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. राव-रंक, ओळखीचा-अनोळखी, सगळ्यांनाच. थेओडुल तिला वरही 'तुम्ही'च म्हणे. मुद्दाम. तिला ते कळत होतं आणि त्यालाही ते तिला कळावंसंच वाटत होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाझेलची एक बाई पडली.

सत्तरीच्या आतबाहेरचं जोडपं. लेंगमाटला बसमधून उतरले, पाटी पाहिली, निघाले. माथ्याच्या थोडं अलीकडे उभ्या कातळात दगडी पायऱ्या आहेत, धरायला दोर बांधलेला आहे. तिथे पोचेपर्यंत साडेचार झाले. पाळणा चुकणार म्हणून बाई घाई करायला गेली, पाय घसरला, नडगी दोन ठिकाणी मोडली. हेलिकॉप्टर आलं. त्या पंख्यांच्या वाऱ्याने आपले नवे रंगवलेले दगड धुळीने भरले म्हणून थेओडुल आठवडाभर बडबडत होता.

"सत्तराव्या वर्षी चालता येत नसेल तर बदामाच्या बाकावर बसावं," तो गुत्त्यात म्हणाला. त्या वेळी मात्र कुणी हसलं नाही, आणि त्याचाही त्याला राग आला.

महिनाअखेरीस त्या बाईच्या नवऱ्याचं पत्र पंचायतीकडे आलं. गावाचा अध्यक्ष कास्पार, एरवी सुतार, त्याने ते बैठकीत वाचून दाखवलं. पत्रात आरडाओरडा नव्हता, भरपाईची मागणी नव्हती. म्हाताऱ्याने नुसत्या वेळा लिहिल्या होत्या. तीन वाजून दहा मिनिटांनी लेंगमाट सोडलं. एकदा पाणी प्यायला थांबलो, तीन मिनिटं. फोटो काढले नाहीत, कारण कॅमेरा घरी राहिला होता. साडेचारला पायऱ्यांपाशी होतो. आणि खाली एकच प्रश्न: ही एक तास वीस मिनिटांची वेळ कुणी आणि कशी मोजली, हे मला कळू शकेल का?

त्या एका प्रश्नाने थेओडुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

"मी मोजली," तो उभा राहून म्हणाला. "लिहा त्याला. थेओडुल इमहोफने मोजली, स्वतः चालून, हातात घड्याळ घेऊन. काम हातात घेतलं त्या पहिल्या जूनमध्ये. अकराच्या अकरा वाटा."

"खाली बस, थेडी," कास्पार म्हणाला. "तुझ्यावर कुणी आळ घेत नाहीये."

"घेत नाहीये कसं? नडगी तिची मोडली आणि पाटी माझी तपासताय."

ब्रुलमान बाई कागद पुढे करत म्हणाली, "इमहोफ, बाकी सगळीकडे आता लांबी आणि चढ धरून हिशेबाने वेळ काढतात. मी लेंगमाटची काढून पाहिली. दोन तास पाच मिनिटं येते."

"तुमचा कॉम्प्युटर चढून आला का वर?"

"नाही. पण रोज संध्याकाळी माझ्या कार्यालयात जी माणसं रडत येतात, ती चढून आलेली असतात."

गालातल्या गालात कुणीतरी हसलं. थेओडुलचे कान तापले. आपल्या पाट्यांना आयुष्यात कुणी हात लावला नव्हता. लोकांनी सामोरं येऊन नमस्कार करावा असं काही त्याच्याजवळ नव्हतं. शेत नाही, हॉटेल नाही, मुलगी रेगुला लग्न होऊन दूर जिनिव्हाला. गावात त्याचं काही होतं तर या वाटा होत्या आणि त्या पाट्यांवरचे आकडे होते. ते खोटे ठरले तर चौतीस वर्षं खोटी ठरत होती.

"बुधवारी चालतो," तो म्हणाला. "तीन दहालाच निघतो, त्या बाझेलवाल्यासारखा. वय वर्षं बासष्ट आहे माझं, सवलत काही मागत नाही. एक तास वीसच्या आत पोचलो तर माझ्या पाट्यांकडे पुन्हा कुणी बघायचं नाही. नाही पोचलो तर काम सोडलं. ही अवजारांच्या शेडची किल्ली ठेवून घ्या."

किल्लीची गरज नाही, असं कास्पार म्हणेपर्यंत ती टेबलावर आपटलेली होती.

घरी सेन्झी, त्याची बायको, चुलीपाशी उभी होती. सगळं ऐकून घेतलं. मग पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाली, "मी पण येते बुधवारी."

"तू कशाला?"

"होहबाल्मला जाऊन बरीच वर्षं झाली."

"आणि गुडघा?"

"गुडघा माझा आहे," सेन्झी म्हणाली, आणि तो विषय तिथे संपला.

बुधवारी ऊन कडक होतं. लेंगमाटला कास्पार घड्याळ घेऊन उभा. ब्रुलमान बाई रोपवेने आधीच माथ्यावर जाऊन बसलेली. तीन दहा झाले, कास्पारने वर फोन केला आणि हात खाली आणला. थेओडुल निघाला. सेन्झी पाठीवर पिशवी घेऊन मागे होती, त्याने वळून पाहिलं नाही. वळून पाहायला वेळ कुठे होता.

पहिल्या अर्ध्या तासात तो सुखात होता. आपण बांधलेली वाट पायांना कळते. कुठला दगड हलतो, कुठे पाऊल लांब टाकायचं, कुठे वळणाच्या आतून गेलं की दोन पावलं वाचतात, हे त्याला डोक्याने आठवावं लागत नव्हतं. वाटेत माणसं लागली. एक बाई वाटेच्या मधोमध बसून मोजे बदलत होती. "बाजूला," तो म्हणाला. चार तरुण पोरं थांबून हिमनदीकडे बोट दाखवत होती, त्यांच्या मधून तो निघून गेला. हेच, हेच ते, थांबतात, बघतात, बोलतात, आणि मग पाटीच्या नावाने खडे फोडतात. रागाने त्याचे पाय अधिकच उचलले जात होते.

दुसऱ्या टप्प्यात मात्र छाती भरून आली. पायऱ्यांपाशी पोचला तेव्हा कानात ठोके पडत होते. तिथे कपारीत हेलिकॉप्टरवाल्यांच्या पट्टीचा एक नारिंगी तुकडा अडकलेला होता. त्याने तो उपटून खिशात कोंबला, कचरा दिसला की उचलायचा म्हणून, आणि दोर न धरता पायऱ्या चढून गेला.

माथ्यावर ब्रुलमान बाईने घड्याळ दाखवलं. चार वाजून अठ्ठावीस.

"एक तास अठरा," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "मी लिहून घेतलंय. तुमच्या पाट्या राहतील, इमहोफ. तुमची अट मला मान्य होती."

त्याने हात मिळवला. दम लागला होता, पण आतून मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बासष्टाव्या वर्षी, त्या जुन्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी. या बाईचा हिशेब, बाझेलच्या म्हाताऱ्याचं पत्र, त्या दिवशी बैठकीत हसणारे, सगळ्यांची तोंडं बंद. गुत्त्यात काय काय बोलायचं ते तो बाकावर बसल्या बसल्या जुळवायला लागला.

"तुमच्या पत्नी?" ब्रुलमान बाईने विचारलं.

"येईल."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. त्याला कडकडून भूक लागली होती, आणि काळा पाव, चीज, वाळवलेलं मांस सगळं सेन्झीच्या पिशवीत. ही बसली असेल कुणाशी तरी बोलत. हिला माहीत नाही का शेवटचा पाळणा कधी जातो? लोकांसमोर मान खाली घालायला लावणार आपल्याला.

चार चाळीसला रोपवेवरचा ओडिलो बाहेर आला. ओडिलो म्हणजे थेओडुलचा शाळेतला सोबती. अठ्ठावीस वर्षं याच माथ्यावर पाळण्यांची दारं उघडतो आणि लावतो.

"सेन्झी आली नाही?"

"येतेय. दोन मिनिटं थांबव."

"माणसं बसलीयत आत, थेडी. खाली बस उभी आहे त्यांची."

"दोन मिनिटं म्हटलं ना."

"तुझ्या पाटीप्रमाणे ती दहा मिनिटांपूर्वी इथे हवी होती." ओडिलो हे चेष्टेने बोलला नाही. "हे मी रोज करतो. रोज दार लावतो आणि रोज ते धापा टाकत येतात. मी त्यांना सांगतो, पाटी बघून निघत जा. ते म्हणतात, पाटी बघूनच निघालो. तू मला काय सांगायचास? एक मिनिटसुद्धा थांबू नकोस, शिकतील. आता तुझ्या बायकोसाठी थांबलो तर त्या सगळ्यांना काय सांगू?"

थेओडुलला त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण त्यातलं प्रत्येक वाक्य त्याचं स्वतःचंच होतं. ब्रुलमान बाई म्हणाली, "मी थांबते तुमच्याबरोबर." तो म्हणाला, "तुम्ही जा." पावणेपाचला दारं लागली, पाळणे हलले, ओडिलो शेवटच्यात बसून खाली गेला, आणि माथ्यावर थेओडुल एकटा राहिला.

मग तो आल्या वाटेने परत उतरायला लागला. राग होताच, पण त्याच्या खालून भीती वर यायला लागली. ती पायऱ्यांवरून घसरली असेल तर? त्याने हाक मारली. उत्तर आलं नाही. खिशातला नारिंगी तुकडा हाताला लागला तेव्हा तो धावायला लागला.

सेन्झी पायऱ्यांवर होती. पडलेली नव्हती, बसलेलीही नव्हती. एक हात दोरावर ठेवून, एकेक पायरी, दुखरा पाय आधी वर, मग दुसरा, अशी ती सावकाश चढत होती. चेहरा लाल झाला होता. तिला धड पाहिल्याबरोबर त्याची भीती गेली आणि राग दुप्पट होऊन परत आला.

"कुठे होतीस?" तो ओरडला.

सेन्झी थांबली. "तेव्हाही हेच विचारलं होतंस."

"कधी?"

"वेळ मोजलीस तेव्हा. त्या पहिल्या जूनमध्ये. रेगुला माझ्या पाठीवर बांधलेली होती, सात महिन्यांची. जेवणाची टोपली हातात. तू पुढे निघून गेलास. मी वर आले तेव्हा तू खांबाला टेकून बसला होतास, वहीत लिहूनसुद्धा झालं होतं तुझं. आणि म्हणालास, कुठे होतीस, भूक लागली."

थेओडुलला तो दिवस चांगला आठवत होता. ऊन आठवत होतं, घड्याळ, पेन्सिल, वहीतला आकडा. भूक लागली होती हेही आठवत होतं. पोरगी तिथे होती हे त्याला आठवेना. कितीही ओढून पाहिलं तरी आठवेना.

"किती वेळाने आली होतीस?"

"चाळीस मिनिटांनी."

"आज तू मुद्दाम सावकाश आलीस."

"मी चालते तशी आले." तिचा आवाज चढला नाही, पण त्याने इतक्या वर्षांत तो असा कधी ऐकला नव्हता. "मी कशी चालते हे तुला कुठून ठाऊक असणार? चौतीस वर्षं तू माझ्या पुढे आहेस. चर्चला जाताना पुढे, बाजारात पुढे, माझ्या आईच्या मयतीला स्मशानात जाताना पुढे. तुझी पाठ कशी चालते ते मला तोंडपाठ आहे."

तो काही बोलणार होता, पण तिने हात वर केला.

"ती बाझेलची बाई इथेच पडली ना? इथेच, या पायरीवर, मी तेव्हा रेगुलाला घेऊन उभी होते. दोरही नव्हता. तू वर असशील, वाट बघत असशील, रागावशील, म्हणून घाई करायला लागले आणि पाय सुटला होता माझा. त्या कपारीला धरलं म्हणून राहिले. आणि तू गुत्त्यात बसून सांगतोस, त्या बाईने बदामाच्या बाकावर बसावं. मला सगळं कळतं, थेडी, गाव लहान आहे. त्या म्हाताऱ्याने विचारलंय, कुणी मोजलं. मी सांगायला हवं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या डोळ्यांदेखत तू ती पाटी ठोकलीस आणि मी गप्प बसले, म्हणून मला जास्त संताप येतो. तुझा येतोच. माझा जास्त येतो."

थेओडुलला लाज वाटली, आणि लाज वाटायची त्याला सवय नव्हती. आयुष्यभर राग आला की समोर कुणीतरी असायचं, ढकलगाडीवालं, शेंगदाणेवालं, फोटोवालं. आता बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं. दर उन्हाळ्यात माथ्यावर लाल तोंडाने पोचणारी ती माणसं आळशी नव्हती, शोभेची नव्हती. ती सेन्झीसारखी चालत होती. आणि तो खाली आकडा लिहून त्यांना म्हणत होता, घाई करा.

"पिशवी दे," तो म्हणाला.

"मीच नेईन. तू मागून ये."

तो मागून आला. हे त्याला मुळीच जमेना. दर चार पावलांनी तो तिच्या टाचेवर जाऊन आदळायचा, मग थांबायचा, मग पुन्हा आदळायचा. सेन्झी मागे बघत नव्हती, मागे कुणी असण्याची तिला सवयच नव्हती. ती कुठे बसली नाही. एकदा पाणी प्याली. एकाच लयीत, न थांबता, तिने उरलेला चढ संपवला. माथ्यावर खांबापाशी आल्यावर त्याने घड्याळ पाहिलं. पाच वीस. दोन तास दहा मिनिटं.

रोपवे बंद होता. दोघांनी पाव-चीज खाल्लं आणि तारांखालच्या रुंद वाटेने गावाकडे उतरायला लागले. उतारावर तिच्या गुडघ्याला जास्त त्रास होत होता, काही ठिकाणी ती उलटी फिरून, हात टेकून उतरली. त्याने हात पुढे केला तेव्हा तिने धरला. उतार संपताच तो सोडून ती पुढे चालायला लागली.

शुक्रवारच्या बैठकीत कास्पारने किल्ली थेओडुलसमोर सरकवली. "तू जिंकलास. विषय संपला. बाझेलला मी लिहितो, की वेळ पुन्हा तपासली आणि बरोबर निघाली."

"तसं लिहिलंस तर तुझी बोटं मोडीन," थेओडुल म्हणाला. "लिही, की थेओडुल इमहोफने मोजली, बायकोला मागे टाकून, आणि वेळ चूक आहे. दोन तास दहा मिनिटं. पहिल्यापासून चूक होती."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. कास्पार म्हणाला, "अरे, पण तू एक तास अठरात चढलास. बाईंनी लिहून घेतलंय."

"चढलो ना. पण मला पाटी कशाला हवी? मला वाट माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी पाटी असते." मग ब्रुलमान बाईकडे वळून तो तेवढ्याच रागाने म्हणाला, "आणि तुमचं दोन तास पाचही चूक आहे. पाच मिनिटांनी."

"मान्य," ती म्हणाली. ती हसली नाही, हे तिने चांगलं केलं. "मग बाकीच्या दहा वाटांचं काय?"

"त्याही चूक असणार. सगळ्या मी त्याच पायांनी मोजल्यात."

"पुन्हा मोजायला हव्यात. तुम्ही मोजाल?"

"मी नाही," थेओडुल म्हणाला. "सेन्झी मोजेल. ती पुढे चालेल, मी मागून वही घेऊन. सोमवारपासून सुरू करतो."

लोकांना ते आवडलं. कुणीतरी टेबलावर बोटांनी वाजवलंसुद्धा, आमच्याकडे तीच टाळी. कास्पारने तसा ठराव लिहून घेतला, नावासकट. थेओडुल बैठकीतून बाहेर पडला तेव्हा कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं. आपण भर सभेत आपली चूक कबूल केली, बायकोचं नाव घेतलं, तिला पुढे केलं. असं गावात आजवर कुणी केलं होतं?

सेन्झी स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे सोलत बसली होती. दारातूनच त्याने सगळं सांगितलं. पत्राला काय उत्तर लिहायचं ठरलं, ब्रुलमान बाईला कसं गप्प केलं, आणि सोमवारपासून ती बाकीच्या दहा वाटा मोजणार, ठरावात तिचं नाव आहे, मोठ्या अक्षरांत.

सेन्झीने सुरी खाली ठेवली नाही.

"मला विचारलंस?" ती म्हणाली.

थेओडुल दारातच थांबला. राग यायची ही नेहमीची वेळ होती, एवढं केलं तरी हिचं आपलं असं, पण तो आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं.

"नाही विचारलं," तो म्हणाला.

"मग विचार."

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि विचारलं, की सोमवारी ती त्याच्याबरोबर वाटा मोजायला येईल का. सेन्झीने पुढचा बटाटा उचलला. पातेल्यात अजून बरेच बटाटे होते. ते सगळे सोलून होईपर्यंत तो दारात उभा राहिला.